रशियन निसर्गचित्र शिश्किनच्या आधीही होतं

'रशियात निसर्गचित्रण सुरू झालं ते एकोणिसाव्या शतकातले चित्रकार शिश्किन, सावरासोव यांच्यापासून. त्याआधी नुसते राजेराण्यांचे चेहरे.' हे वाक्य इतक्यांदा वाचलंय की खरंच वाटायला लागतं. पण सावरासोवचं कावळ्यांचं प्रसिद्ध चित्र १८७१चं. त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी, १७७६मध्ये, चित्रकार सेम्योन श्चेद्रिन पीटर्सबर्गच्या कला अकादमीत निसर्गचित्रणाचा वर्ग चालवायला लागला होता!

मग विसर का पडला? कारण ही चित्रं बहुतेक राजवाड्यांच्या सजावटीसाठी होती. गातचिना, पाव्लोव्स्क, पीटरहॉफ या पीटर्सबर्गजवळच्या राजवाड्यांच्या बागा रंगवायच्या आणि महालाच्याच भिंतीवर लावायच्या. श्चेद्रिनची रीत ठरलेली: पुढे तपकिरी जमीन आणि कडेला एक काळसर झाड, मध्ये हिरवळ, मागे निळसर धूसर क्षितिज. नाटकातल्या पडद्यासारखंच. साचेबद्ध आहे, कबूल. पण गातचिनाचा दगडी पूल बघताना तिथल्या ओलसर हवेचा भास होतोच.

पडद्याची उपमा उगाच दिली नाही. त्याच काळातल्या फ्योदोर अलेक्सेयेव या चित्रकाराला व्हेनिसला पाठवलं होतं ते रंगभूमीचे पडदे रंगवायला शिकण्यासाठी. पठ्ठ्या परत आला आणि त्याने १७९४मध्ये नेव्हा नदीकाठचे राजवाडे रंगवले, निम्मं चित्र नुसतं आभाळ.

जाता जाता: इटलीच्या समुद्रकिनाऱ्यांच्या चित्रांसाठी गाजलेला सिल्वेस्तर श्चेद्रिन वेगळा. तो सेम्योनचा पुतण्या.