आधी वाचन, मग उपदेश

रविवारच्या उपासनेत पाळक उपदेशाला उभे राहण्याआधी कोणीतरी पुढे येते, पवित्र शास्त्र उघडते, अध्याय आणि वचने सांगते आणि उतारा मोठ्याने वाचते. पुष्कळांना हा निव्वळ उपचार वाटतो. कान टवकारतात ते उपदेशासाठी. इतिहास मात्र उलटा आहे. सभेचा गाभा वाचन हाच होता आणि उपदेश त्याच्या पोटातून जन्मला.

याची मुळे यहुदी परंपरेत आहेत. बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहून उजाडल्यापासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो आणि लेवी, म्हणजे मंदिराची सेवा करणारे, जमलेल्या लोकांना अर्थ समजावून सांगतात. वाचायचे आणि उलगडायचे, ही जोडी सभास्थानांतही दिसते. नासरेथमध्ये येशू यशया संदेष्ट्याची गुंडाळी वाचायला उभा राहिला, ती गुंडाळून सेवकाकडे दिली, खाली बसला आणि मग बोलू लागला, असे शुभवर्तमानकार लूक लिहितो. बसून बोलणे ही शिकवणाऱ्याची रीत होती.

इसवी सन 155 च्या सुमारास रोममध्ये ख्रिस्ती विचारवंत जस्टिन मार्टर यांनी सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती लोकांची बाजू मांडली. त्यात रविवारच्या सभेचे वर्णन येते. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचले जातात. वाचक थांबला की सभेचा प्रमुख बोलतो आणि ऐकलेले आचरणात आणा, असे सांगतो. ‘वेळ असेल तोवर’ हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. ग्रंथ हाताने उतरवलेले, महागडे, अक्षरओळख थोड्यांनाच. बहुतेकांच्या मनात शास्त्र उतरले ते कानांतून. त्यामुळे वाचक हे मंडळीतले मानाचे पद झाले.

आणि जोखमीचेही. 303 मध्ये सम्राट डायोक्लेशनने ख्रिस्ती ग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला. उत्तर आफ्रिकेतल्या सिर्टा गावी, म्हणजे आजच्या अल्जीरियातल्या कॉन्स्टंटिनला, पडलेल्या झडतीची सरकारी नोंद टिकून आहे. चर्चमध्ये एकच मोठा ग्रंथ हाती लागला. बाकीचे वाचकांकडे असतात, असे उत्तर मिळाले. मग अधिकारी वाचकांची दारे ठोठावत निघाले. एकाकडे आठ ग्रंथ निघाले. एक वाचक घरी नव्हता. त्याच्या बायकोने सहा ग्रंथ आणून दिले. ज्यांनी ग्रंथ हवाली केले त्यांना पुढे कुणी सहज क्षमा केली नाही. अशा माणसांच्या हातून झालेली दीक्षा ग्राह्य धरायची का, या वादातून डोनाटिस्ट फूट पडली आणि ती शंभर वर्षांनंतरही सांधली गेली नव्हती.

ऐकणारी मंडळी किती जागी होती, हे उत्तर आफ्रिकेतले बिशप ऑगस्टिन यांनी 403 मध्ये बायबलचे लॅटिन भाषांतरकार जेरोम यांना लिहिलेल्या पत्रातून कळते. ओएआ गावच्या, म्हणजे आजच्या त्रिपोलीच्या, बिशपांनी योनाचे पुस्तक जेरोम यांच्या नव्या भाषांतरातून वाचायला घेतले. योनाच्या डोक्यावर सावली धरणारा भोपळ्याचा वेल तिथे आयव्हीचा वेल झाला होता. एवढ्या एका शब्दावरून सभेत गोंधळ माजला. पिढ्यान्‌पिढ्या कानावर पडलेला शब्द बदलला कसा? मंडळी सोडून जाईल, या भीतीने बिशपांना माघार घ्यावी लागली. त्यांची पंचाईत मला समजते, पण मनात भरतात ते लोक. ज्यांच्या घरी ग्रंथ नव्हता, त्यांना तो पाठ होता.

पुढच्या शतकांत पश्चिमेकडे लोकांची बोली लॅटिनपासून दूर गेली आणि वाचलेले कळेनासे झाले. 813 मध्ये आजच्या फ्रान्समधल्या तूर इथल्या धर्मसभेने प्रवचने लोकांच्या बोलीत सांगण्याचा आदेश दिला. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने, बिशपांना स्वतःला जमत नसेल तर त्यांनी योग्य उपदेशक नेमावेत, असे ठरवले. पण शास्त्रपाठ लॅटिनमध्येच राहिला. म्हणजे अर्थ लोकांच्या भाषेत आणि मूळ वचन परक्या भाषेत. जोडी तुटली ती इथे.

ती पुन्हा जुळवण्याची धडपड म्हणजे सोळावे शतक. 1 जानेवारी 1519 रोजी झुरिकमध्ये धर्मसुधारक उल्रिक झ्विंग्ली यांनी नेमून दिलेले तुटक उतारे बाजूला ठेवले आणि मत्तयाचे शुभवर्तमान पहिल्या अध्यायापासून ओळीने उलगडायला घेतले. मार्टिन ल्यूथर यांचा जर्मन नवा करार 1522 मध्ये आला. विल्यम टिंडेल यांचा इंग्रजी नवा करार 1526 मध्ये छापून झाला आणि दहा वर्षांनी त्यांना देहदंड झाला. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत, 1538 मध्ये, प्रत्येक चर्चमध्ये लोकांना वाचता येईल असे इंग्रजी बायबल ठेवावे, असा फर्मान इंग्लंडमध्ये निघाला.

छापील ग्रंथ आला तरी पाळकाचे काम व्यासपीठावर संपत नव्हते. इंग्लंडमधल्या किडरमिन्स्टरचे पाळक रिचर्ड बॅक्स्टर यांनी 1656 मध्ये लिहून ठेवले आहे की सोमवार आणि मंगळवार ते आणि त्यांचे सहकारी सकाळपासून जवळजवळ रात्रीपर्यंत कुटुंबांना भेटत. आठवड्याला पंधरा-सोळा कुटुंबे. वर्षभरात आठशेहून अधिक. वर्षानुवर्षे उपदेश ऐकूनही ज्यांच्या पदरी काही पडत नाही, त्यांना समोरासमोरच्या अर्ध्या तासात ते समजते, असा त्यांचा अनुभव. घरभेटी हा आज कामाच्या गर्दीत सर्वांत आधी मागे पडणारा भाग आहे. तो मागे पडला की रविवारी कुणाशी बोलतो आहोत हेच पाळकाला कळत नाही, असे मला मनापासून वाटते.

कॅथलिक चर्चमध्ये मोठा बदल दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने घडवला. 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजाने लोकभाषेला वाट मोकळी केली आणि प्रवचन हा उपासनेचाच भाग असल्याचे सांगितले. 1969 मध्ये रविवारसाठी तीन वर्षांचे नवे वाचनचक्र, म्हणजे कोणत्या रविवारी कोणता उतारा वाचायचा याची क्रमवारी, आले. त्याच धर्तीवर अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांनी 1992 चे सामाईक वाचनचक्र स्वीकारले, त्यामुळे एकमेकींपासून शतकानुशतके दूर असलेल्या मंडळ्या कित्येक रविवारी एकच शुभवर्तमान ऐकतात.

वाचनाच्या मंचाशी तोवर कॅथलिक स्त्रियाही उभ्या राहू लागल्या होत्या, पण वाचकपदावर विधिवत नेमणूक पुरुषांचीच होई. जानेवारी 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ते पद स्त्रियांनाही खुले केले.