नाव-आडनाव उलटं झालं आणि कोड गायब!

परवा एक नातेवाईक ठासून सांगत होते, ‘कोडमध्ये चूक असली की कॉम्प्युटर लगेच लाल अक्षरांत दाखवतो.’ मला 2009 सालची, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमधली एक ओळ आठवली.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. लिनक्सचा हा गाभा अँड्रॉइड फोनमध्ये आहे आणि महासंगणकातही. इतक्या तऱ्हेच्या यंत्रांना एकच कोड पुरवायचा, तर नको तो भाग गाळावा लागतो. म्हणून तुकड्यांभोवती ‘इफडेफ’ आणि ‘एन्डिफ’ची कुंपणं असतात. अमुक पर्याय निवडला असेल तरच आतलं घ्यायचं. ही गाळणी कम्पायलरच्या (कोडचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आधी प्रीप्रोसेसर लावतो.

प्रीप्रोसेसर म्हणजे मतदान केंद्रावरचा कारकून. यादीत नाव नाही? पुढे चला. नाव-आडनावाची अदलाबदल झाली असेल का, हे तो बघत नाही. त्या ओळीत नेमकं तेच झालं होतं. पर्याय होता ‘कॉन्फिग_हॉटप्लग_सीपीयू’, लिहिलं गेलं ‘कॉन्फिग_सीपीयू_हॉटप्लग’. असा पर्यायच नव्हता, त्यामुळे आतला कोड दरवेळी गाळला जायचा. कम्पायलरला तो दिसलाच नाही, मग लाल अक्षरं कुठून येणार? चालू यंत्रातून सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, काढला की त्याच्यासाठी घेतलेली मेमरी परत करणं, हे त्या कोडचं काम. काही रचनांमध्ये ती मेमरी तशीच अडकून राहायची. दुरुस्ती एवढीच, की दोन शब्दांची जागा बदलली. पुढे 2011 मध्ये जर्मनीतल्या एर्लांगेनच्या संशोधकांनी लिनक्समधल्या अशा 1,776 विसंगती शोधून दाखवल्या.

खरी गंमत पुढे आहे. अनेक पर्यायांना हो-नाहीखेरीज तिसरं उत्तर असतं ते मॉड्यूल, म्हणजे लागेल तेव्हा जोडायचा सुटा भाग. मग पर्यायाच्या नावाला ‘_मॉड्यूल’ अशी शेपटी लागते. साधा इफडेफ मूळ नाव शोधतो आणि ‘नाही’ म्हणतो! यावर उपाय ‘इज_एनेबल्ड’ हा मॅक्रो, म्हणजे ज्याच्या जागी प्रीप्रोसेसर ठरलेला मजकूर घालतो असं नाव. पर्याय निवडलेला असेल तर त्याच्या नावाच्या जागी 1 येतो. मॅक्रो हा 1 एका ठरलेल्या शब्दाला चिकटवतो. त्यातून जे नाव तयार होतं, त्याचा अर्थ आधीच ‘शून्य आणि स्वल्पविराम’ असा ठरवून ठेवलेला असतो. या नावानंतर ‘1, 0’ अशी रांग असते. स्वल्पविराम आला की रांगेत एक जागा वाढते आणि तो 1 दुसऱ्या क्रमांकावर येतो. पर्याय नसेल तर भलतंच नाव तयार होतं, स्वल्पविराम येत नाही आणि दुसऱ्या क्रमांकावर 0 असतो. मॅक्रो फक्त दुसरा क्रमांक उचलतो. शेपटीवाल्या नावासाठी हेच पुन्हा. सगळा निकाल एका स्वल्पविरामावर!

हे उत्तर कोडमधल्या साध्या ‘इफ’ (जर) अटीत वापरलं की कम्पायलर आतला कोड वाचतो, तपासतो आणि उत्तर 0 असेल तर मगच टाकून देतो. नाव मात्र उलटं लिहिलं, तर इथेही गुपचूप 0 च येतो. त्यासाठी कर्नलच्या कोडसोबतच एक पायथन स्क्रिप्ट, म्हणजे पायथन भाषेतला छोटा प्रोग्रॅम, मिळते. ‘कॉन्फिग_’ने सुरू होणारी नावं ती पर्यायांच्या यादीशी ताडून पाहते आणि अनोळखी नावं छापते.