कामावर मृत्यू झाला तर: फॅक्टरी इन्स्पेक्टरची चौकशी आणि कुटुंबाचा भरपाईचा अर्ज

कारखान्यात किंवा बांधकामाच्या साइटवर माणूस गेला, की दोन दिवसांत घरच्यांना कोणीतरी सांगते, "सरकारी चौकशी चालू आहे, ती संपली की पैसे मिळतील." कधी ठेकेदाराचा मुकादम सांगतो, कधी कंपनीतला साहेब. या एका वाक्यावर विसंबून कुटुंबे वर्ष-दीड वर्ष थांबलेली मी पाहिली आहेत. चौकशी संपली तरी तिच्यातून आपोआप एक रुपयाही घरी येत नाही. भरपाईसाठी वेगळ्या ठिकाणी वेगळा अर्ज करावा लागतो, आणि त्याला मुदत असते.

अशा मृत्यूनंतर तीन कामे एकाच वेळी सुरू होतात. पोलीस आकस्मिक मृत्यूची नोंद करतात, पंचनामा होतो, शवविच्छेदन होते. कोणाचा निष्काळजीपणा दिसला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली गुन्हा दाखल होतो. दुसरीकडे सुरक्षा खात्याची चौकशी चालते. तिसरे काम भरपाईचे. पहिली दोन सरकार स्वतःहून करते, तिसऱ्यासाठी कुटुंबाने हलायचे असते.

चौकशीला कोण येते

महाराष्ट्रात कारखान्यांसाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे. कामगार त्याच्या अधिकाऱ्याला अजूनही फॅक्टरी इन्स्पेक्टरच म्हणतात, नव्या कायद्यात मात्र त्याचे पद 'निरीक्षक नि सुविधाकर्ता' झाले आहे. खाणीतला मृत्यू धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे जातो. विजेचा धक्का बसून मृत्यू झाला असेल तर विद्युत निरीक्षकालाही 24 तासांत कळवावे लागते.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्याआधीच्या मृत्यूला कारखाने अधिनियम 1948 आणि कर्मचारी भरपाई अधिनियम 1923 हेच जुने कायदे लागू राहतात. नंतरच्या मृत्यूला व्यावसायिक सुरक्षेची संहिता आणि सामाजिक सुरक्षा संहिता. म्हणून अर्जावर कायद्याचे नाव घालण्याआधी मृत्यूची तारीख पाहा.

मृत्यूची सूचना खात्याला देणे मालकावर बंधनकारक आहे. सूचना मिळाल्यावर जुन्या कायद्याप्रमाणे एका महिन्यात आणि नव्या संहितेप्रमाणे दोन महिन्यांत चौकशी करावी लागते. अधिकारी जागेवर येतो, यंत्र पाहतो, साक्षीदारांचे जबाब घेतो, रजिस्टर ताब्यात घेऊ शकतो. तपास होईपर्यंत जागा जशी आहे तशी ठेवा, असा आदेश देण्याचा त्याला अधिकार आहे. जीवाला धोका दिसला तर ते यंत्र किंवा तो विभाग बंदही ठेवू शकतो. प्रेस यंत्राला गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून लावलेले संरक्षक कवच) होते का, टाकीत माणूस उतरवण्याआधी वायूची तपासणी झाली होती का, कामाचा परवाना कोणाच्या सहीने निघाला, हे त्याचे प्रश्न असतात. दोष आढळला तर खाते न्यायालयात खटला भरते.

व्यावसायिक सुरक्षेच्या नव्या संहितेच्या कलम 103 प्रमाणे कर्तव्यात कसूर होऊन मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान 5 लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. त्या दंडातला किमान निम्मा भाग मृताच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय करू शकते. तो खटल्याच्या शेवटी आणि न्यायालयाच्या इच्छेवर आहे, त्यावर घरखर्चाचा हिशेब बांधू नका.

कुटुंबाने पहिल्या आठवड्यात एक काम जरूर करावे. संचालनालयाच्या स्थानिक कार्यालयात साधे पत्र द्यावे: मृताचे नाव, कंपनी, ठेकेदार, तारीख, पाळी, आणि बरोबर काम करणाऱ्या दोन-तीन जणांची नावे. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. मालकाने सूचनाच दिली नसेल तर हेच पत्र चौकशी सुरू करते. साक्षीदार परप्रांतीय असतील तर ते आठ-दहा दिवसांत गावी पाठवले जातात, मग त्यांचे जबाब कोणी घेत नाही. म्हणून ही घाई.

भरपाई कोणत्या रस्त्याने

आधी पगाराची पावती पाहा. ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) कपात होत असेल (सध्याची वेतनमर्यादा महिना 21,000 रुपये), तर दावा ईएसआय महामंडळाच्या शाखा कार्यालयात करायचा. तिथे एकरकमी भरपाई नसते, आश्रितांना पेन्शनसारखी दरमहा रक्कम मिळते. ती सरासरी वेतनाच्या 90 टक्के दराने ठरते. त्यात पत्नीचा वाटा तीन पंचमांश, प्रत्येक मुलाचा दोन पंचमांश, आणि बेरीज पूर्ण दराच्या वर गेली तर सगळ्यांचे वाटे प्रमाणात कमी होतात. कामावरच्या अपघाती मृत्यूसाठी किती महिने वर्गणी भरली याची अट नाही. पहिल्याच दिवशी मृत्यू झाला तरी हक्क असतो. अंत्यविधीसाठी 15,000 रुपयांपर्यंत वेगळे मिळतात.

ईएसआय नसेल तर कर्मचारी भरपाईचा दावा. महाराष्ट्रात तो बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयात चालतो. जुन्या कायद्यात या अधिकाऱ्याला भरपाई आयुक्त म्हणत, संहितेत तो सक्षम प्राधिकारी आहे. हिशेब असा: मासिक वेतनाचा निम्मा भाग गुणिले वयाचा गुणक (मृताच्या वयाप्रमाणे कायद्यात ठरवून दिलेला आकडा). 3 जानेवारी 2020 पासून या हिशेबासाठी वेतन जास्तीत जास्त 15,000 रुपये धरले जाते. तिशीच्या कामगाराचा गुणक 207.98 आहे. पगार 18,000 असला तरी 15,000 धरून 7,500 गुणिले 207.98, म्हणजे 15,59,850 रुपये. पस्तिशीचा गुणक 197.06. आधार कार्डावर वय पाच वर्षांनी जास्त पडले असेल, तर याच उदाहरणात 81,900 रुपये कमी होतात. वयाचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला शोधून काढा, असे मी प्रत्येक कुटुंबाला सांगतो ते यामुळे.

पात्र कोण

इथे शब्द 'आश्रित' आहे. विधवा पत्नी, अल्पवयीन मुलगा, अविवाहित मुलगी आणि विधवा आई यांना आपण मृतावर अवलंबून होतो हे सिद्ध करावे लागत नाही. वडील, अल्पवयीन भाऊ, अविवाहित बहीण यांना ते दाखवावे लागते. कमावता थोरला भाऊ सगळी धावपळ करत असला तरी अर्जदार तो नसतो, अर्ज वहिनीच्या आणि मुलांच्या नावाने जातो.

मृत व्यक्ती ठेकेदाराची होती म्हणून मूळ कंपनी सुटत नाही. तिच्या धंद्याचे काम चालू असताना मृत्यू झाला असेल तर भरपाई तिच्याकडून मागता येते, ती पुढे ठेकेदाराकडून वसूल करील. अर्जात दोघांनाही सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध दावा आहे ते) करा, विमा असेल तर विमा कंपनीलाही. आणि "त्याने हेल्मेट घातले नव्हते", "तो प्यायला होता" हे ऐकून मागे फिरू नका. जखमेच्या दाव्यात असे बचाव चालतात, मृत्यूच्या दाव्यात कायद्याने चालत नाहीत.

कागदपत्रे

मृत्यू दाखला, एफआयआर किंवा आकस्मिक मृत्यूची नोंद, घटनास्थळ आणि मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृताच्या वयाचा पुरावा, अर्जदारांची आधार कार्डे, नाते दाखवणारे रेशनकार्ड किंवा विवाहाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, बँक पासबुक. हे मिळते. अडते ते नोकरीच्या पुराव्यावर. पगार रोखीत, नेमणूकपत्र नाही, मस्टरवर नाव नाही, ही नेहमीची कथा. अशा वेळी गेटपास, हजेरीचे कार्ड, ठेकेदाराने फोनवर पाठवलेले पैसे, पाळीच्या ग्रुपवरचे संदेश, डब्याच्या पिशवीत राहिलेली पावती, जे असेल ते जपा. मृताचा मोबाइल रीसेट करू नका, सिम बंद करू नका. पोलिसांच्या पंचनाम्यात आणि इन्स्पेक्टरच्या अहवालात 'या कंपनीत काम करताना' असे आलेले असेल तर तो मोठा आधार ठरतो. त्या अहवालाची प्रत माहिती अधिकारात 10 रुपये शुल्क भरून मागता येते. तपास चालू आहे म्हणून नकार आला तर 30 दिवसांत पहिले अपील करा.

अर्ज मृत्यूपासून दोन वर्षांत करायचा असतो. उशिराला योग्य कारण असेल तर तो स्वीकारला जाऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नये. अपघात झाला ते ठिकाण किंवा अर्जदार राहतो ते ठिकाण, दोन्हीकडे अर्ज चालतो. त्यामुळे बिहारमधल्या विधवेला पुण्याला खेपा घालाव्या लागत नाहीत. स्त्रियांना उत्पन्न कितीही असले तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्याचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते.

मृत्यूची भरपाई मालकाने प्राधिकाऱ्याकडेच जमा करायची असते. घरी पाकीट आणून "सगळे मिटले" अशा कागदावर घेतलेली सही भरपाईचा हक्क संपवत नाही, तो करार कायद्याने रद्दबातल आहे. तरीही कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका, कारण पुढे तो कागद वाद वाढवतो. हातात दिलेल्यापैकी फार तर तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल भरपाईतून वळती होऊ शकते. एका महिन्यात रक्कम भरली नाही तर 12 टक्के सरळ व्याज लागते, आणि सबळ कारणाशिवाय टाळाटाळ केली असेल तर मूळ रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंत दंड. अर्जात व्याज आणि दंड दोन्ही स्पष्ट मागा. बरेच अर्ज मूळ रकमेवरच थांबतात.

मृत व्यक्ती नोंदणीकृत बांधकाम कामगार असेल आणि नोंदणी चालू असेल, तर राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडून कामावरील मृत्यूसाठी 5 लाख रुपये वेगळे मिळतात. भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर त्याला जोडलेला 7 लाखांपर्यंतचा विमाही असतो, तो नामनिर्देशित व्यक्तीला जातो. मंडळाचे पैसे आणि हा विमा घेतल्याने भरपाईचा दावा बंद होत नाही. निकाल कुटुंबाच्या बाजूने लागल्यावर मालक 60 दिवसांत उच्च न्यायालयात अपील करू शकतो, पण ठरलेली रक्कम आधी जमा केल्याचे प्रमाणपत्र त्याला अपिलासोबत जोडावेच लागते.