ओल्या स्पंजाची किंमत

पाटी ओल्या फडक्यानं पुसली की क्षणभर काळीभोर दिसते, वाळली की पुन्हा पांढुरकी. सहाराच्या वाळवंटात हाच प्रयोग खडकांच्या भिंतींवर झाला. फरक इतकाच, की त्या भिंतींवर हजारो वर्षांपूर्वीची चित्रं होती.

जागा अल्जीरियाच्या आग्नेय कोपऱ्यातली, तासिली नाज्जेर. सहारात राहणाऱ्या तुआरेग लोकांच्या भाषेत तासिली नाज्जेर म्हणजे नद्यांचं पठार. आज तिथं दिसतात ते कोरडे पात्र आणि वाऱ्यानं कोरलेले वालुकाश्माचे सुळके. पण सुळक्यांच्या पोटातल्या शैलाश्रयांत शिरलं की नाव खरं वाटू लागतं. जिराफ, हत्ती, गायीगुरांचे मोठमोठे कळप, पाणघोडेसुद्धा! साधारण अकरा ते पाच हजार वर्षांपूर्वी पृथ्वीच्या आसाच्या संथ डुलण्यामुळे उत्तर गोलार्धातला उन्हाळा अधिक तापायचा आणि मोसमी पाऊस सहारात खोलवर पोचायचा. (आपला मोसमी पाऊसही तेव्हा आजच्यापेक्षा जोरकस होता.) तासिलीतल्या काही डोहांमध्ये तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मगरी तग धरून होत्या.

पाऊस असताना काढलेली ही चित्रं पाऊस गेला म्हणून टिकली. चित्रं आणि कोरीव आकृत्या मिळून पंधरा हजारांवर नोंदल्या गेल्या आहेत. १९८२ साली युनेस्कोनं या भागाला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

त्याच्या पाव शतक आधी, १९५६ मध्ये, फ्रेंच संशोधक आँरी लोत चित्रकारांची तुकडी घेऊन इथं आले. भिंतीवर कागद धरून आकृत्या गिरवायच्या, मग रंग भरून मूळ आकाराच्या नकला करायच्या, असं ते काम. पॅरिसमध्ये त्या नकलांचं प्रदर्शन गाजलं आणि सहाराची चित्रं जगाला ठाऊक झाली. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण धुळीखालचे फिकट रंग नीट दिसावेत म्हणून भिंती ओल्या स्पंजानं पुसल्या जात होत्या. पुढे पर्यटकांनीही फोटोसाठी बाटलीतलं पाणी चित्रांवर उडवलं. शिवाय त्या नकलांमधल्या काही पक्षिमुखी ‘देवता’ प्राचीन नसून अलीकडे रंगवलेल्या असल्याचं पुढे उघड झालं, ते वेगळंच.

पाण्यानं रंग उजळतो का? नाही, रंग तोच राहतो. कोरड्या खडकाच्या खरखरीत पृष्ठभागावरून प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि त्या पांढुरक्या झाकेत चित्रातला गेरू हरवतो. पाण्यानं बारीक छिद्रं भरली की विखुरणं कमी होतं, लाल रंग गडद भासतो. खरा घोटाळा पाणी वाळताना होतो. वालुकाश्मात शिरलेलं पाणी आतले क्षार विरघळवून पृष्ठभागाकडे आणतं. पाणी उडून जातं, क्षारांचे स्फटिक मागे राहतात. ते वाढताना वाळूचे कण उचकटतात आणि कणांबरोबर रंगाचा पापुद्राही जातो. जुन्या घराच्या ओल आलेल्या भिंतीला लोणा लागतो, अगदी तसंच. पुसताना थोडा रंग स्पंजाबरोबर निघून जातो तो निराळा, आणि पुढच्या संशोधकाला रंगाच्या रासायनिक तपासणीत जे सापडलं असतं तेही धुऊन निघतं.

तासिलीतलं हे काम चालू होतं त्याच सुमारास, १९५७ मध्ये, उज्जैनचे पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या चित्रं असलेल्या शैलाश्रयांत पोचले होते. तिथंही मुख्य रंग गेरूचाच.

आज चित्राला हात न लावता ते ‘ओलं’ करता येतं. छायाचित्रातले लाल, हिरवा आणि निळा हे तीन घटक बहुधा एकमेकांच्या मागोमाग चालतात. एक वाढला की बाकीचेही वाढतात. उपग्रहचित्रांसाठी विकसित झालेलं एक गणित ही सांगड तोडतं आणि उरलेले सूक्ष्म फरक ताणून मोठे करतं. जॉन हार्मन या अमेरिकी गणितज्ञानं २००५ मध्ये ते शैलचित्रांसाठी वापरायला सोपं केलं. प्रणालीचं नाव डीस्ट्रेच. डोळ्यांना नुसता तांबूस डाग दिसतो तिथं पडद्यावर अचानक गाय उभी राहते, शिंगांसकट. पण तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. खडकातही लोह असतं आणि ताणलेल्या रंगांत त्याचे डागही चित्रासारखे भासू शकतात. म्हणून मूळ छायाचित्र जसंच्या तसं, शेजारी रंगपट्टी आणि मोजपट्टी ठेवून काढलेलं, जपावं लागतं.

रंग टिपले तरी भिंतीचा उंचसखलपणा उरतोच, आणि तो महत्त्वाचा असतो. चित्रकारानं खडकाचा फुगवटा प्राण्याच्या पोटासाठी वापरलेला असू शकतो. त्यासाठी एकमेकांवर बरेच चढणारे शेकडो फोटो काढून संगणकात भिंतीची त्रिमितीय प्रतिकृती बांधतात. काही वर्षांनी तीच भिंत पुन्हा टिपली आणि दोन प्रतिकृती एकमेकींवर ठेवल्या, की कुठला पापुद्रा सुटला ते मिलिमीटरपर्यंत कळतं. स्पंज फिरण्याआधीची अशी एखादी प्रतिकृती तासिलीच्या भिंतींची मात्र नाही.