गाय आण, गाय बांध

"आधी शब्द पाठ करा, मग वाक्यं आपोआप जमतील." इंग्रजीबद्दलचा हा सल्ला विदर्भाच्या खेड्यांत आजही सर्रास मिळतो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे. तरी 'काउ म्हणजे गाय' घोकलेल्या कितीतरी पोरांची गायीबद्दल एक वाक्य बोलताना दातखीळ बसते.

मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या जुन्या पंडितांनी, लावलेला क्रम नेमका उलटा आहे, आणि त्यांचं उदाहरण गोठ्यातलंच. घरातला थोरला धाकट्याला सांगतो, "गाय आण." तो आणतो. बाजूला बसलेल्या लेकराला यातला एकही शब्द कळत नाही. एवढ्या बोलण्यावर एवढं काम झालं, इतकंच दिसतं. मग "गाय बांध." जनावर तेच, काम दुसरं. मग "घोडा आण." काम पहिलंच, जनावर बदललं. कानावर काय टिकलं आणि डोळ्यांपुढं काय टिकलं, काय गेलं आणि त्यासोबत काय गेलं, हे ताडून लेकरू एकेक शब्द सुटा करतं. दोन समीकरणांची वजाबाकी करून अज्ञात काढावं, तसं. या घाल-काढीचं नाव आवाप-उद्वाप.

इथून पुढं प्रभाकर हे मीमांसक आणि कुमारिल भट्ट या दुसऱ्या मीमांसकाचे अनुयायी, म्हणजे भाट्ट, यांचं जुंपतं. प्रभाकर म्हणतात, पद आपला अर्थ सांगतं तो इतर पदांशी अन्वित, म्हणजे जोडला गेलेलाच. भाट्टांच्या मते पदं आधी सुटे अर्थ सांगतात, अन्वय नंतर. पहिलं मत अन्विताभिधान, दुसरं अभिहितान्वय. मी प्रभाकरांकडचा.

२००८ साली लिंडा स्मिथ आणि चेन यू या मानसशास्त्रज्ञांनी १२ आणि १४ महिन्यांच्या बाळांना एका वेळी दोन अनोळखी वस्तू दाखवून दोन अनोळखी शब्द ऐकवले. एका चित्रावरून काहीच ठरत नव्हतं. जोड्या बदलत गेल्या तशी बाळांनी सांगड घातली. म्हणून लगेच 'आपल्याकडं सगळं आधीच होतं' हा मेसेज पुढं ढकलू नका. मीमांसकांना वेदवाक्यांचा अर्थ लावायचा होता, प्रयोग त्यांनी केले नव्हते. निरीक्षण मात्र चोख.

त्या उदाहरणातलं लेकरू हुकूम पाळत नाही, नुसतं पाहतं. जिल्हा परिषदेच्या ज्या शाळेत पहिली ते चौथी एकाच खोलीत बसते, तिथं हे फुकटात साधतं: मास्तरांनी चौथीच्या पोराला "ब्रिंग द बुक", "ओपन द बुक", "ब्रिंग द चॉक" म्हणावं, पहिलीनं पाहावं. मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या मुलाला शाळेतली मराठीही परकीच. तिच्यासाठीही हीच रीत चालेल.

भूतकाळाची अडचण येते, कारण 'काल'चा हुकूम देता येत नाही. पण पुस्तक आणून झाल्यावर "हू ब्रॉट द बुक?" विचारता येतं. 'न्याय', 'आशा' असल्या शब्दांना मात्र ही युक्ती पुरत नाही.