खडकाचं वरचं टोक कुठलं?

नाशिककडे धरणाचा पाया घ्यायचा असो वा इगतपुरीच्या डोंगरातून बोगदा काढायचा असो, आधी हिऱ्याच्या बिटाने बोअर घेऊन खडकाचा दंडगोल वर काढतात. हाच कोअर. एनएक्स मापाचा कोअर ५४.७ मिलिमीटर व्यासाचा असतो. बेसाल्टचा असा एक मीटर जवळपास ७ किलो भरतो, म्हणजे पाच ओळींच्या मीटरभर लांब पेटीत ३५ किलो दगड. पेटी दोघांनीच उचलावी. रॅक तळमजल्यावर, पक्क्या कोब्यावर असावेत.

पेटी भरायची ती पुस्तक वाचतो तशी, डावीकडून उजवीकडे, वरच्या ओळीपासून. प्रत्येक रन, म्हणजे बोअर घेण्याची एक फेरी, संपला की खोली लिहिलेला लाकडी ठोकळा ठेवायचा. कोअर हाती आला नाही तिथे हरवलेल्या लांबीचा ठोकळा. तुकडे सरकवून फट बुजवली की खोलीचे आकडे चुकतात.

त्याहून मोठी चूक म्हणजे तुकडा उलटा ठेवणं. लाव्हाच्या थरात वायूचे बुडबुडे वर चढतात, त्यामुळे माथ्याकडे पोकळ्या दाट असतात. पुढे त्यांत झिओलाइट नावाची खनिजं भरतात. तुकडा फिरला तर थराचा माथा तळ म्हणून वाचला जातो. चुंबकत्वाच्या अभ्यासात तर घात होतो. उभ्या बोअरच्या कोअरमध्ये खडकातल्या चुंबकत्वाची उत्तर-दक्षिण दिशा कळत नाही, फक्त कल कळतो, म्हणजे ते आडव्या पातळीपासून किती वर वा खाली झुकलंय ते. उलट्या तुकड्याचा कल उलटा दिसतो आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र उलटल्याचा खोटा पुरावा तयार होतो. म्हणून बाहेर काढल्याबरोबर कोअरवर लांबीभर दोन समांतर रेघा मारतात, वरच्या टोकाकडे पाहताना उजवीकडे लाल, डावीकडे काळी. पुढे तुकडा कितीही फुटला तरी वरचं टोक हरवत नाही.

दोन थरांमधला तांबडा बोल, म्हणजे चिकणमातीसारखा थर, फार नाजूक. वाळला की तडकतो, भिजला की विरघळल्यासारखा सुटतो. तो लगेच प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून वर मेण द्यावं. लोमोंटाइट नावाचं झिओलाइटही कोरड्या हवेत पाणी गमावून भुकटी होतं. म्हणून खडकाचा दर्जा सांगणारा आरक्यूडी, म्हणजे १० सेंटिमीटर वा त्याहून लांब तुकड्यांच्या बेरजेचं रनच्या लांबीशी प्रमाण, साइटवरच मोजावा. दीड मीटरच्या रनमध्ये असे तुकडे १.२ मीटर भरले तर ८० टक्के. हाताळताना झालेली मोड ताजी, खरखरीत दिसते. तिच्यावर फुली मारून तो तुकडा अखंड धरावा. जुन्या सांध्यावर खनिजाचा लेप असतो.

फोटो कोरडा आणि ओला, दोन्ही घ्यावेत. गेरूचे आणि हिरवट खनिजांचे रंग ओल्या कोअरवरच उठून दिसतात.

कागदी चिठ्ठी कसर आणि वाळवी खाते, पावसाळ्यात शाई पसरते. अॅल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने बोअर क्रमांक आणि खोली कोरावी, ती पेटीच्या अंगावर ठोकावी. झाकणावर नको, झाकणं अदलाबदल होतात. नमुना हवा असेल तर कोअर लांबीत चिरून अर्धाच न्यावा. रेघा असलेला अर्धा भाग पेटीतच राहतो, आणि कुठल्या मीटरपासून कुठवर कापलं त्याची नोंद रजिस्टरमध्ये त्याच दिवशी व्हायला हवी.