जुनाट सायनुसायटिस आणि सरफॅक्टंट प्रथिने

सरफॅक्टंट, म्हणजे पृष्ठताण कमी करणारा पदार्थ, म्हटले की फुप्फुसे आठवतात. श्वास सोडताना वायुकोश मिटून जाऊ नयेत म्हणून त्यांच्या आतून जो थर असतो, त्यात सुमारे ९० टक्के स्निग्ध पदार्थ आणि १० टक्के प्रथिने असतात. यातली काही प्रथिने नाकाच्या आणि सायनसच्या अस्तरातही सापडतात. तिथे तर वायुकोश नाहीत. मग त्यांचे तिथे काम काय?

सरफॅक्टंट प्रथिने (एसपी) चार आहेत. एसपी-बी आणि एसपी-सी लहान असून पृष्ठताण कमी करतात. एसपी-ए आणि एसपी-डी मात्र मुख्यतः प्रतिकारशक्तीच्या बाजूची. एसपी-एचा रेणू १८ साखळ्यांचा, फुलांच्या गुच्छासारखा. एसपी-डीचा सहसा १२ साखळ्यांचा, फुलीच्या आकाराचा. प्रत्येक साखळीच्या डोक्याशी एक पकड असते. कॅल्शियम असेल तर ती जंतूंच्या कवचावरील शर्करा धरते. एकेकटी पकड दुबळी. अनेक मिळून घट्ट बसतात. धरलेल्या जंतूंच्या गुठळ्या होतात आणि भक्षक पेशींना ते गिळणे सोपे जाते. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीचे बीजाणूही एसपी-डी असेच पकडते.

याहून विलक्षण गोष्ट म्हणजे हेच रेणू दाह वाढवूही शकतात आणि थोपवूही शकतात. डोकी मोकळी असतील, तर ती भक्षक पेशींना शांत राहण्याचा संदेश देतात. डोकी जंतूंना धरण्यात गुंतली, की उरलेली शेपटी त्याच पेशींना चेतवते.

नाक चोंदणे, घट्ट स्राव, चेहऱ्यावर दाब, वास न येणे अशी लक्षणे १२ आठवडे किंवा त्याहून अधिक टिकली आणि दुर्बिणीतून किंवा सीटी स्कॅनमध्ये दाह दिसला, तर सायनुसायटिस, म्हणजे सायनसच्या अस्तराचा दाह, जुनाट धरतात. अशा रुग्णांत ही प्रथिने वाढलेली की घटलेली, यावर निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. यात आश्चर्य नाही. कुणी ऊतीतले आरएनए (प्रथिन बनवण्याचा पेशीतला संदेश) मोजले, कुणी स्रावातले प्रथिन. कुणी पॉलिप (अस्तराची मऊ गाठ) असलेले रुग्ण घेतले, कुणी सिस्टिक फायब्रोसिसचे (स्राव घट्ट करणारा आनुवंशिक आजार). शिवाय स्युडोमोनास जिवाणू आणि आपल्याच न्यूट्रोफिल पेशी इलास्टेज नावाचे विकर सोडतात, ते ही प्रथिने तोडते. पेशी भरपूर प्रथिन बनवत असूनही स्रावात पोहोचलेले निकामी असू शकते. म्हणून नुसत्या प्रमाणावरून संरक्षणाचा अंदाज बांधणे आम्हाला घाईचे वाटते.

उपचारांत आजवर रसायनी सरफॅक्टंटच जास्त वापरून पाहिले गेले. शस्त्रक्रियेनंतरही त्रास उरलेल्या रुग्णांना बेबी शाम्पूचे १ टक्का द्रावण नाकातून धुण्यासाठी देऊन पाहिले. बायोफिल्म, म्हणजे जंतूंचा चिकट थर, सैल व्हावी हा हेतू. काहींना आराम पडला, काहींची जळजळ थांबेना. कारण साबणी रेणू जंतूंच्या थराप्रमाणे आपल्या पेशींचे आवरणही विस्कटू शकतात, आणि स्राव पुढे ढकलणारे सूक्ष्म रोम मंदावू शकतात. घरी हा प्रयोग करू नये.

आज आधार आहे तो मिठाच्या पाण्याचा आणि नाकातल्या स्टेरॉइडचा. २४० मिली पाण्यात सुमारे २ ग्रॅम आयोडीनविरहित मीठ पुरते. पाणी किमान १ मिनिट खळखळून उकळून गार केलेले किंवा ऊर्ध्वपातित हवे. नळाचे पाणी तसेच वापरले, तर क्वचित पण जीवघेणा अमिबा नाकातून मेंदूपर्यंत पोहोचू शकतो.